नोकरीचा बायोडाटा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलाखतीचे बोलावणे यावे म्हणून उमेदवार आपल्या शिक्षणाची व कामाची जी एक-दोन पानी नोंद पाठवतो, तिला रेझ्युमे म्हणतात. मराठी बोलण्यात मात्र तिच्यासाठी ‘बायोडाटा’ हाच शब्द रुळला असून, लग्नाच्या स्थळासाठी दिला जाणारा कागदही त्याच नावाने ओळखला जात असल्यामुळे दोहोंची सरमिसळ झाली आहे. नागपूरच्या सीताबर्डी किंवा हिंगणा परिसरातील झेरॉक्सच्या दुकानांतून तयार नमुना घेतला, तर त्यात वडिलांचे नाव, धर्म, जात आणि वैवाहिक स्थिती यांचे रकाने पुष्कळदा आढळतात ते त्यामुळेच. आणि हे रकाने रिकामे ठेवले तर अर्ज अपुरा ठरतो, असा समज पक्का होतो.

वस्तुस्थिती अशी की, खासगी नोकरीत या माहितीवरून उमेदवाराची कामाची पात्रता कळत नाही, उलट भेदभावाला वाव मिळतो. विदर्भातच, अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी 2005 पासून 66 आठवडे वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवून याची तपासणी केली. शिक्षण व अनुभव समान ठेवून केवळ नावे बदललेल्या अर्जांत, बोलावणे येणे आणि न येणे यांचे गुणोत्तर उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांसाठी सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावांसाठी सुमारे एक-तृतीयांश असल्याचे त्यांच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसून आले. हा दोष निवड करणाऱ्याचा आहे, अर्जदाराचा नव्हे, आणि आडनाव लपवण्याची वेळ कोणावरही येऊ नये. तथापि कोणी न मागितलेला जातीचा रकाना स्वतःहून भरून देण्याचे कारण उरत नाही.

दुसरा गैरसमज नवख्या उमेदवारांमध्ये विशेष खोल रुजलेला आहे. आपल्याकडे लिहिण्यासारखे काही नाही असे मानून ते ‘नामांकित कंपनीत काम करून स्वतःची व कंपनीची प्रगती साधणे’ यासारख्या उद्दिष्टाने जागा भरतात, पण हे वाक्य कोणत्याही नावाखाली चालते आणि म्हणून कोणाविषयीच काही सांगत नाही. आयटीआयमधून टर्नरचा अभ्यासक्रम पूर्ण करून हिंगणा एमआयडीसीत वर्षभर अ‍ॅप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, राहिलेल्या उमेदवाराचे उदाहरण घेता येईल. त्याने ‘एक वर्षाचा अनुभव’ एवढेच लिहिले तर बुटीबोरीच्या कारखान्यातील वाचणाऱ्याला काहीच उमगत नाही. परंतु ‘लेथवर शाफ्टचे टर्निंग व थ्रेडिंग केले, मायक्रोमीटरने मापे तपासली, सीएनसी यंत्रावर जॉब लावण्याचे काम शिकलो’ असे लिहिले, तर त्याला कोणत्या यंत्रावर उभे करता येईल हे त्या वाचणाऱ्याला तिथल्या तिथे ठरवता येते. जे हाताने केले तेच लिहावे, कारण मुलाखतीतील पहिला प्रश्न बहुधा त्याच ओळीवरून निघतो.

नागपूरच्या मिहान प्रकल्पातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांसारख्या मोठ्या आस्थापना अर्जांची नोंद ठेवण्यासाठी व ते चाळण्यासाठी संगणकप्रणाली वापरतात. ही प्रणाली आकर्षक रंगसंगतीला गुण देते, हा समज चुकीचा आहे; ती पानावरचा मजकूर वाचते, आणि चित्रात किंवा गुंतागुंतीच्या चौकटींत बसवलेला मजकूर तिच्या हातून सुटू शकतो. मराठीत अर्ज करणाऱ्यांना याचा एक वेगळाच फटका बसतो. टायपिंगच्या दुकानांत अजून वापरात असलेल्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात देवनागरी, पण साठवली जातात रोमन चिन्हांच्या रूपात, त्यामुळे कागदावर सुबक दिसणारा ‘नागपूर’ हा शब्द संगणकाच्या लेखी ‘यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे’ असा अर्थहीन क्रम असतो. फाइल पाठवायची असेल, तर मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करून घ्यावा.

सरकारी भरतीत विहित नमुन्यातील अर्जच ग्राह्य धरला जातो, आणि तेथे जात-प्रवर्गाची नोंद आरक्षणासाठी आवश्यक असते. त्यामुळे वरील विवेचन तिला जसेच्या तसे लागू होत नाही.

शिक्षणाचा तपशील सर्वत्र एकसारखाच समजला जातो, हाही एक भ्रमच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा ‘उन्हाळी’ व ‘हिवाळी’ या नावांनी ओळखल्या जातात, पण पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेल्या निवडकर्त्याला ‘उन्हाळी 2023’ वरून महिना कळत नाही, म्हणून गुणपत्रिकेवरील महिना व वर्ष लिहावे. 1923 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला आजचे नाव 2005 मध्ये मिळाले, तर नागपूरचेच विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय 2002 मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. त्याआधीच्या पदवीधरांनी प्रमाणपत्रावरचे जुने नाव लिहून त्यापुढे आजचे नाव द्यावे, म्हणजे कागदपत्रांच्या पडताळणीत दोन वेगळ्या संस्था असल्याची शंका निघत नाही.