मध्यफळीची पुनर्रचना : दुखापत, स्थलांतर आणि युवा खेळाडूंची बढती

फुटबॉल संघातील आघाडीपटू जायबंदी झाल्यास त्याच्या जागी कोण, हा प्रश्न बहुधा एका नावाने सुटतो. मध्यफळीचे तसे नाही. प्रतिपक्षाचा हल्ला अडविणे, बचावफळीकडून चेंडू स्वीकारून खेळाची गती ठरविणे आणि आघाडीसाठी वाटा मोकळ्या करणे ही कार्ये तेथे परस्परांत गुंतलेली असतात. म्हणून उपलब्ध खेळाडू किती, यापेक्षा कोणते कार्य रिकामे झाले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

एफसी गोवा संघाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. 2019-20च्या इंडियन सुपर लीगमध्ये साखळीत अव्वल राहून हा संघ आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीस पात्र ठरला. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब होय. परंतु 2020 मध्ये अहमद जाहू आणि ह्यूगो बूमू हे दोघे मुंबई सिटीकडे गेले. जानेवारी 2021 मध्ये लेनी रॉड्रिग्ज एटीके मोहन बागानमध्ये दाखल झाला व बदल्यात ग्लॅन मार्टिन्स आला. त्यातच आशियाई स्पर्धेत चारच परदेशी खेळाडूंची मुभा असल्याने अल्बेर्तो नोगेरा यासही बाहेर ठेवावे लागले.

प्रशिक्षक हुआन फेरांदो यांनी दुसरा जाहू शोधला नाही, हे त्यांचे खरे शहाणपण. एदू बेदिया याने गती राखावी, मार्टिन्सने धावून जागा झाकावी, ब्रँडन फर्नांडिसने संधी निर्माण कराव्यात, अशी कामाची वाटणी झाली. एप्रिल 2021 मध्ये फातोर्डा येथे अल-रय्यान व अल-वहदा या संघांना गोव्याने 0-0 असे रोखले. पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने गोलही केला, मात्र तो सामना 1-2 असा गमवावा लागला. गटात तीन बरोबरींसह संघ तिसरा आला.

राखीव संघातून वर आलेला प्रिन्स्टन रिबेलो किंवा नवी मुंबईतील अकादमीत घडलेला मुहम्मद नेमिल यांना संधी देण्यामागेही हीच दृष्टी असावयास हवी. तरुणास जागा द्यावी. जायबंदी खेळाडूचे संपूर्ण ओझे देऊ नये.

बार्सिलोनाचा अनुभव येथे आठवतो. 19 नोव्हेंबर 2023 रोजी गावी याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. पुढील हंगामात क्लबने सतरा वर्षांच्या मार्क बेर्नाल यास ऑगस्ट 2024 मध्ये पहिल्याच सामन्यापासून मध्यभागी खेळविले. तो चमकला, पण 27 ऑगस्टच्या सामन्यात त्याचेही लिगामेंट तुटले आणि पुनरागमनास सप्टेंबर 2025 उजाडला. दुखापत वयामुळेच झाली, असे म्हणता येत नाही. तथापि संघ सावरला तो मार्क कासादो याच्यामुळे, ज्याने दुय्यम संघात आधी दीर्घ काळ घालविला होता.

हर्सूलसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयास दुय्यम संघ कोठून असणार? कर्णधाराचा घोटा मुरगळला की प्रथम वर्षाचा विद्यार्थी थेट मध्यभागी उभा केला जातो. आणि सामना गमावल्यावर दोषही त्याच्याच पदरी पडतो. अशा वेळी चेंडू वाटण्याची सवय असलेल्या एखाद्या अनुभवी बचावपटूस पुढे आणावे आणि नवोदितास कडेच्या जागेवर अर्धा तास खेळवावे, एवढे तरी प्रशिक्षकाच्या हाती निश्चितच असते.