साडेचार शिष्यवृत्त्यांचा खेळ

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 30 सप्टेंबर 2023 रोजी रोहन बोपण्णासोबत टेनिसच्या मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले, तेव्हा श्रीरामपूरची ऋतुजा भोसले महाराष्ट्रभर माहीत झाली. ती अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली होती, ही गोष्ट मात्र बातम्यांत एका ओळीपुरतीच राहिली. ती तिथे होती त्याच काळात पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळत होता. त्याआधी सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षे तिथले आंतरमहाविद्यालयीन एकेरीचे विजेतेपद मिळवले होते. आपली मुले तिकडे का गेली, याचे उत्तर तिथल्या संघाच्या रचनेत आहे.

एका लढतीत सहा एकेरी सामने आणि तीन दुहेरी. दुहेरीचा मिळून एक गुण, एकेरीचे सहा. म्हणजे सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूचा विजयही पहिल्याइतकाच मोलाचा. त्यामुळे प्रशिक्षकाला एका ताऱ्यावर विसंबता येत नाही, आख्खा संघ घडवावा लागतो. पैशांचे गणितही चमत्कारिक होते. तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या अव्वल गटातल्या पुरुष संघाला कितीतरी वर्षे फक्त साडेचार शिष्यवृत्त्या मिळत. प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून आठ-दहा जणांत वाटत. महिला संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या असत. शिक्षणात लिंगभेद नको, या 1972च्या कायद्याचे हे फळ. तिसऱ्या गटातल्या लहान महाविद्यालयांना खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. तरी तिथेही संघ उभे राहतात.

हे सारे भक्कम मात्र नव्हते. 2020च्या साथीत पैशाची ओढाताण झाली आणि कुऱ्हाड टेनिसवरही पडली. ॲपालाचियन स्टेटने पुरुषांचा संघ बंद केला, ॲक्रनने महिलांचा. 2025मध्ये तिथल्या न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली, संघात दहा जणांची मर्यादा आली आणि खेळाडूंना उत्पन्नात वाटा देण्याची मुभा मिळाली. तो पैसा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतो आहे. टेनिसचे दिवस अवघड आहेत, असे मला वाटते.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ टेनिस बाद पद्धतीने होते. संघ रेल्वेने जातो, पहिल्या फेरीत हरला की परततो, आणि वर्षाचे टेनिस तिथेच संपते. 2020मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाली, हे चांगलेच झाले. पण मुलाला हवे असतात हंगामभराचे सामने.

असे सामने जवळच्या जवळ भरवता येतील. उदाहरणार्थ, हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातली, औंढा नागनाथची मुले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली, चारच जिल्हे, एसटीने सकाळी निघून मुक्काम न करता गाठता येण्याजोगे. शेजारच्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक प्रशिक्षक पूर्ण वेळ नेमावा, त्याचा पगार वाटून घ्यावा, आणि सहा एकेरी, तीन दुहेरीच्या लढती आलटून पालटून एकमेकांच्या मैदानावर भरवाव्यात. मोकळ्या जागेसह एका कोर्टाला 120 फूट बाय 60 फूट जमीन लागते. तेवढी जमीन ग्रामीण महाविद्यालयांच्या आवारात निघू शकते. संस्थाचालकांनी आणि प्राचार्यांनी येत्या जूनपासून एवढे तरी करावे.