शाहीर अमर शेख : एका लोकगायकाची कारकीर्द

प्रस्तावना :
मराठी शाहिरी परंपरेला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. 1659 च्या अफझलखान वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा, पेशवाईतील रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या रचना हे या परंपरेचे परिचित टप्पे होत. विसाव्या शतकात ही परंपरा राजदरबारातून आणि फडातून बाहेर पडून गिरणीच्या दारात व जाहीर सभेच्या मैदानात आली. हे स्थित्यंतर ज्यांच्या आवाजातून घडले त्यांमध्ये शाहीर अमर शेख यांचे स्थान अग्रभागी आहे. वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद मुख्यतः कवी म्हणून होते. परंतु त्यांचे खरे कार्य गायनातून झाले. लोकगायकाच्या कार्याचे मोजमाप केवळ छापील पुस्तकांवरून करता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीमुळे उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या कारकिर्दीचे विवेचन केले आहे.

जडणघडण :
अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1916 रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. आई मुनेरबी यांच्याकडून लोकगीतांचा वारसा त्यांना लाभला. जात्यावरच्या ओवीची लय आणि मराठी बोलीचा गोडवा त्यांच्या कानी पडला तो असा घरातूनच. परिस्थितीमुळे शिक्षण अपुरे राहिले. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार अशी कामे त्यांनी केली. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या लढ्यात ते उतरले, तुरुंगवासही भोगला आणि साम्यवादी विचारांकडे वळले. कष्टकऱ्यांच्या जीवनाचा विषय त्यांनी बाहेरून निवडलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

पुढे चरितार्थासाठी ते कोल्हापुरात आले व मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत काही काळ राहिले. त्या काळी कोल्हापूर हे मराठी चित्रपटनिर्मितीचे प्रमुख केंद्र होते. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना येथेच मिळाले. बार्शीचा मेहबूब पटेल ज्या नावाने महाराष्ट्राला माहीत झाला, ते नाव कोल्हापूरचे देणे आहे, ही बाब या परिसरातील अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

लाल बावटा कलापथक :
1944 मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन केले. या पथकाने तमाशाचा जुना साचा मोडला नाही, तर तो आतून बदलला. गणातील गणेशवंदनेच्या जागी मायभूमी आणि शिवराय यांना वंदन आले, गौळण गळाली आणि वगात सावकार, काळाबाजारवाला, गिरणीमालक अशी समकालीन पात्रे अवतरली. डफ, तुणतुणे, झांज ही वाद्ये मात्र कायम राहिली. प्रेक्षकाला आशय नवा वाटे, परंतु त्याची मांडणी परकी वाटत नसे. पथकाच्या यशाचे मर्म येथे आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात (1956-1960) या शाहिरीचे सामर्थ्य पूर्णत्वाने प्रकट झाले. मुंबईत पोटासाठी आलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची पत्नी यांच्या ताटातुटीवर अण्णा भाऊंनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिली. पतिपत्नीच्या या विरहाला त्यांनी महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाच्या दुःखाशी जोडले. अमर शेखांच्या पहाडी आवाजाने हा आशय सभांमधून लोकांपर्यंत पोहोचविला. 1 मे 1960 रोजी राज्य स्थापन झाले. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेरच राहिले. कोल्हापूरच्या श्रोत्याला निपाणी म्हणजे शेजारचेच गाव. त्यामुळे या गीतातील विरह त्याच्यासाठी केवळ रूपक राहत नाही.

गायक आणि कवी :
‘अमरगीत’ (1951), ‘कलश’ (1958) आणि ‘धरतीमाता’ (1963) ही अमर शेखांची काव्यनिर्मिती. ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांनी लिहिले, तर ‘प्रपंच’ (1961) या चित्रपटात भूमिका केली. 1962 च्या चिनी आक्रमणाच्या वेळी त्यांनी आपली शाहिरी राष्ट्ररक्षणाच्या कार्याला वाहिली. तरीही मैदानातील हजारो श्रोत्यांवर त्यांचा जो प्रभाव होता, तो या पुस्तकांतून पुरेसा उलगडत नाही. दुसऱ्याच्या शब्दांना श्वास, ठेका आणि विराम देणे ही देखील निर्मितीच असते.

या संदर्भात आयर्लंडमधील लोकगायक ल्यूक केली (1940-1984) यांचे उदाहरण उद्बोधक आहे. डब्लिनच्या श्रमिक वस्तीत जन्मलेले केली तरुणपणी इंग्लंडमध्ये मजुरी करीत असताना डाव्या चळवळीच्या व लोकगीतांच्या संपर्कात आले. पुढे ‘द डब्लिनर्स’ या गायकसमूहातून ते विख्यात झाले. त्यांनी गायिलेली बहुतेक गीते इतरांची होती. पॅट्रिक कॅव्हना या कवीची एक कविता तर त्यांच्या आवाजाशी कायमची जोडली गेली. तरी गायक म्हणूनच त्यांचा गौरव झाला आणि 2019 मध्ये डब्लिन शहरात त्यांचे दोन पुतळे उभे राहिले. केली यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी गेला. अमर शेखांची कारकीर्द मात्र मुख्यतः सभेच्या मैदानात घडली आणि सभा संपली की तिचा सूरही विरून जाई.

समारोप :
18 जुलै 1969 रोजी अण्णा भाऊ साठे यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्ट 1969 रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचा मृत्यू झाला. लेखणी आणि आवाज एकाच पावसाळ्यात गेले. लेखणी ग्रंथरूपाने उरली व अभ्यासक्रमात आली. आवाजाचा अभ्यास करावयाचा तर ज्यांनी तो मैदानात ऐकला त्यांच्या आठवणी नोंदवाव्या लागतील, आणि असे श्रोते आता वयोवृद्ध झाले आहेत. मराठी, संगीत व इतिहास या विभागांनी हे काम एकत्रितपणे हाती घ्यावयास हवे. छापील संहिता पुढील पिढीलाही वाचता येईल. श्रोत्यांच्या आठवणी मात्र तिच्यासाठी थांबणार नाहीत.