पडण्याची विद्या

साहसाचा चित्रपट संपला की प्रेक्षक नायकाचे नाव घेत थेटराबाहेर पडतो. नायकाने धावत्या घोड्यावर कशी उडी घेतली, आगीतून गाडी कशी हाकीत नेली, याची चर्चा घर येईपर्यंत चालते. ती उडी पुष्कळदा नायकाने घेतलेलीच नसते, हे आता पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण मग ती कोणी घेतली, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. आम्ही उमेदीची सारी वर्षे कामगार संघटनेत घालविली, त्यामुळे कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणाच्या हातून घडली, हा प्रश्न आमच्या मनात आपोआप उभा राहतो. त्याच सवयीने आम्ही हॉलिवूडच्या साहसपटांकडे पाहू लागलो, आणि आमची एका माणसाशी ओळख झाली. त्याचे नाव याकिमा कनट. तो नट होता, घोडेस्वार होता. पण जगाने त्याला ओळखावे ते पडण्याचे शास्त्र बनविणारा कारागीर म्हणून, असे आमचे मत आहे.

याकिमा हे त्याचे खरे नाव नव्हे. एनॉस एडवर्ड कनट हा २९ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, कोलफॅक्स गावाजवळच्या डोंगराळ भागात जन्मला. घर गुरेघोडी पाळणाऱ्यांचे; त्यामुळे शाळेपेक्षा खोगिरावरच त्याचे शिक्षण अधिक झाले. अमेरिकेच्या त्या भागात 'रोडिओ' नावाचे जाहीर सामने भरतात. माणूस पाठीवर बसू न देणाऱ्या घोड्यावर टिकून राहणे, धावत्या बैलाला शिंगे धरून लोळविणे, असे त्यांचे स्वरूप असते. कनट सोळा-सतराव्या वर्षापासून या सामन्यांत उतरू लागला. ओरेगॉन राज्यातील पेंडलटन येथे १९१४ साली झालेल्या मेळाव्यात एका वृत्तपत्राने त्याचे छायाचित्र छापले आणि खाली चुकून 'याकिमा कनट' असे नाव घातले. त्याच्या सोबतचे स्वार याकिमा गावचे होते, तो नव्हता. पण नाव चिकटले ते जन्माचे. पुढे याच मेळाव्यात १९१७, १९१९, १९२० आणि १९२३ अशी चार वर्षे तो सर्वोत्तम ठरला.

तेव्हा मूकपटांचा काळ होता आणि गुराख्यांच्या कथांवरील चित्रपटांना मोठी मागणी होती. घोड्यावर उत्तम बसणारा, दिसायला देखणा असा हा तरुण सहजच पडद्यावर आला. काही चित्रपटांत तो नायकही झाला. १९२६ सालचा 'द डेव्हिल हॉर्स' हा त्यांपैकी एक. परंतु त्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि चित्र पालटले. आरमारात असताना साथीच्या तापाने कनटच्या आवाजाची हानी झाली होती. नायकाला शोभेल असा आवाज त्याच्यापाशी नव्हता.

यंत्र बदलले की कुशल कामगार एका रात्रीत अकुशल ठरतो, हे आम्ही गिरण्यांत आणि छापखान्यांत पाहिले आहे. बोलपटाने अनेक नटांची तीच गत केली. कनटने मात्र आपल्यापाशी काय उरले आहे त्याचा हिशेब केला. आवाज गेला होता. शरीर आणि घोडा शिल्लक होता. नायकाचे संवाद त्याला बोलता येणार नव्हते, पण नायकाच्या उड्या घेता येणार होत्या. तिशी उलटून गेल्यावर त्याने दुसऱ्यांच्या नावाने पडण्याचा धंदा पत्करला.

या धंद्याचा पहिला नियम असा, की काम जितके चांगले होईल तितका काम करणारा दिसेनासा होतो. चेहरा कॅमेऱ्याकडे वळला की काम फुकट. १९३० नंतरच्या काही वर्षांत जॉन वेन हा नवखा नट स्वस्तातल्या चित्रपटांत नायक होत असे. त्या चित्रपटांत कनट बहुधा खलनायक असे, आणि उडीची वेळ आली की वेनचे कपडे घालून नायकही तोच होई. वेन पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याची ती डुलत चालण्याची लकब आणि अडखळत, सावकाश बोलण्याची ढब त्याने कनटकडून उचलली, असे सांगतात. म्हणजे लोकांनी नायकाचे म्हणून जे डोक्यावर घेतले, त्यातले कितीतरी नाव नसलेल्या माणसाचे होते.

१९३९ साली दोन गाजलेले चित्रपट निघाले. 'गॉन विथ द विंड' मध्ये जळत्या अटलांटा शहरातून नायक गाडी हाकीत नायिकेला वाचवितो. त्या दृश्यात क्लार्क गेबलच्या जागी कनट होता. पुढे त्याच चित्रपटात पुलाजवळ नायिकेवर हल्ला करणारा गुंड येतो, तोही कनटच. दुसरा चित्रपट जॉन फोर्डचा 'स्टेजकोच'. सहा घोड्यांची प्रवासी गाडी भरधाव चालली आहे आणि अपाची जमातीचे स्वार तिचा पाठलाग करीत आहेत. एक स्वार आपल्या घोड्यावरून गाडीच्या पुढच्या घोड्यांवर झेप घेतो, गोळी लागून दोन घोड्यांच्या मधल्या दांडीला लोंबकळतो, फरफटत जातो, हात सोडतो, आणि घोडे व गाडी त्याच्यावरून निघून जातात. तो स्वार म्हणजे कनट. नंतर लगाम पकडण्यासाठी नायक त्याच घोड्यांवर उड्या मारीत पुढे जातो, तेथेही वेनच्या जागी कनटच आहे.

हे पाहून प्रेक्षक म्हणतो, काय छाती आहे! आमचे म्हणणे असे, की छातीपेक्षा डोके पाहा. गाडीखालून जिवंत बाहेर पडण्याची रीत कनटने सांगून ठेविली आहे. आपल्याला वाटते, घोडे हळू चालविले तर धोका कमी. त्याचा अनुभव उलट होता. हळू चालणारा घोडा इकडेतिकडे सरकतो आणि त्याचा पाय कोठे पडेल याचा नेम राहत नाही. भरधाव सुटलेला घोडा नाकासमोर सरळ जातो. म्हणून घोडे वेगातच हवेत. हात सोडताक्षणी दोन्ही हात छातीपोटावर आणावयाचे आणि कोपरे अंगाशी घट्ट धरावयाची, नाहीतर पुढचा आस ती उडवून नेईल. जे मरणाशी खेळणे वाटते, ते प्रत्यक्षात जागा, वेग आणि वेळ यांचे मोजमाप असते.

हीच नजर त्याने साऱ्या धंद्यावर फिरविली. पूर्वी पडद्यावरच्या मारामारीत नट एकमेकांच्या खांद्यादंडांवर खरोखरच ठोसे मारीत. अंग सुजे आणि दृश्यही खोटे वाटे. कनट आणि वेन यांनी दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांच्या चित्रपटांत निराळी पद्धत बसविली. कॅमेरा अशा कोनात ठेवावयाचा, की जबड्यापासून काही इंचांवरून गेलेली मूठ प्रेक्षकाला जबड्यावर बसलेली दिसावी. समोरच्याने नेमक्या क्षणी मान झटकावी. आज जगभरच्या चित्रपटांतील मारामारी याच तत्त्वावर चालते. दुसरे उदाहरण रिकिबीचे. साधी रिकीब म्हणजे बंद कडे. स्वार पडताना पाय त्यात अडकला तर घोडा त्याला फरफटत नेतो. कनटने एक बाजू उघडी असलेली, कोनाच्या आकाराची रिकीब वापरात आणली. पडताना पाय आपोआप सुटतो आणि पडद्यावर फरक कळत नाही. गाडी उलटण्याच्या दृश्यांसाठी त्याने तारांची आणि खिट्ट्यांची अशी जुळणी केली, की गाडी कोलमडण्यापूर्वी घोडे जोखडातून मोकळे होऊन पुढे निघून जावेत.

कारखान्यात यंत्राच्या दातेरी चाकावर जाळी बसवितात, तिच्यात आणि या रिकिबीत आम्हांला फरक दिसत नाही. फरक इतकाच, की जाळी बसविण्यासाठी आम्हांला मालकाशी भांडावे लागे. आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात चालू पट्ट्यात अडकलेला माल हात घालून काढणाऱ्या गड्याला मुकादम सर्वांदेखत शाबासकी देत असे, कारण यंत्र थांबत नसे. एके दिवशी त्या गड्याची दोन बोटे गेली, तेव्हा अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. कृत्य एकच, आदल्या दिवशी ते शौर्य होते, दुसऱ्या दिवशी अपराध झाला. म्हणून कामाच्या जागी कोणी धाडसाची फार स्तुती करू लागला, की आम्ही सावध होतो.

कनट स्वतः काही अभंग राहिला नाही. १९४० च्या 'बूम टाउन' या चित्रपटात घोडा अंगावर पडून त्याला पोटात गंभीर इजा झाली. १९४३ साली एका चित्रपटाच्या कामात त्याचे दोन्ही पाय घोट्यांशी मोडले. त्यानंतर तो हळूहळू साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाकडे वळला. त्याच्या कीर्तीला एक काळी बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. घोडा पडलेला दाखविण्यासाठी त्या काळी त्याच्या पुढच्या पायांना तार बांधून तिचे दुसरे टोक जमिनीत ठोकीत. धावता घोडा तार संपताच कोलांटी खाऊन पडे. कनटनेही ही युक्ती पुष्कळ वेळा वापरलेली आहे. जाणत्या हाती घोडा कदाचित वाचत असेल. सर्रास वापरात मात्र घोडे मेले. १९३६ च्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' मध्ये अनेक घोडे दगावले. १९३९ च्या 'जेसी जेम्स' मध्ये कड्यावरून पाडलेला घोडा मेला, तेव्हा लोकमत खवळले आणि १९४० पासून प्राणिरक्षक संस्थेची देखरेख चित्रणावर आली. एकट्या कारागिराचे कौशल्य कितीही मोठे असले तरी ते त्याच्याबरोबर जाते. नियम मात्र सर्वांना लागू होतो.

त्याच्या विद्येची मोठी परीक्षा १९५९ च्या 'बेन-हर' मध्ये झाली. १९२५ सालच्या मूक 'बेन-हर' मध्ये रथांच्या शर्यतीचे चित्रण करताना पुष्कळ घोडे मेले होते. विल्यम वायलर यांनी ती कथा पुन्हा घेतली तेव्हा शर्यतीचे काम अँड्र्यू मार्टन आणि कनट यांच्याकडे सोपविले. रोमजवळच्या चिनेचित्ता स्टुडिओत अठरा एकरांचे रिंगण उभारले, अठरा रथ बांधले, अठ्ठ्याहत्तर घोडे आणले आणि महिनोन्‌महिने सराव केला. नायक चार्लटन हेस्टन याला रथ हाकावयास कनटने स्वतः शिकविले. चाकांखाली चिरडलेली माणसे म्हणून बाहुली वापरली. इतके करूनही अपघात झालाच. पडलेल्या रथावरून उडी घेताना हेस्टनच्या जागी असलेला कनटचा मुलगा जो रथाच्या पुढे फेकला गेला. त्याने पुढची कड धरून ठेविली आणि तो पुन्हा रथात चढला. हनुवटीला चार टाके पडले, इतकेच. हे दृश्य चित्रपटात ठेवण्यात आले. या शर्यतीत एक माणूस मेला अशी अफवा पुढे कित्येक वर्षे फिरत राहिली. ती खोटी आहे. थरार खरा वाटावा म्हणून प्रेक्षकाला कोणाचा तरी बळी लागतो, असे दिसते. 'बेन-हर' ला अकरा ऑस्कर मिळाली. साहसदृश्यांसाठी त्यांत पारितोषिकच नव्हते.

१९६७ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अकॅडमीने कनटला सन्माननीय ऑस्कर दिले. साहसवीर म्हणून केलेल्या कामगिरीबरोबरच, सर्वत्रच्या स्टंटमनांच्या संरक्षणासाठी साधने घडविल्याबद्दल ते होते. २४ मे १९८६ रोजी तो नव्वदाव्या वर्षी वारला. ज्याचा धंदा पडण्याचा, त्याला म्हातारपण मिळावे, हीच त्याच्या विद्येची पावती. १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' मध्ये टेरी लेनर्ड या स्टंटमनने धावत्या ट्रकखालून जाऊन 'स्टेजकोच' च्या त्या कामाला जणू नमस्कारच केला होता.

पण साधने असली आणि नियम असले तरी ते पाळले जातील असे नाही. १९८२ साली 'ट्वायलाइट झोन' या चित्रपटाच्या चित्रणात हेलिकॉप्टर कोसळून नट व्हिक मॉरो आणि दोन बालकलाकार ठार झाले. त्या मुलांना रात्रीच्या कामावर कायदा डावलून आणलेले होते. नटांची संघटना १९३३ पासून आणि स्टंटमनांची स्वतःची संघटना १९६१ पासून अमेरिकेत उभी होती. तरीही हे घडले. म्हणून जागता पहारा लागतो, आणि तो रोज लागतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अकॅडमीने जाहीर केले, की २०२७ सालच्या चित्रपटांपासून स्टंटच्या आखणीला स्वतंत्र ऑस्कर दिले जाईल. कनटच्या सन्मानानंतर ही मान्यता यावयास अठ्ठावन्न वर्षे लागली. आम्हांला त्यातला एक शब्द विशेष आवडला : 'आखणी'. पारितोषिक छातीला नाही, आखणीला आहे. यापुढे पडद्यावर कोणी कड्यावरून उडी घेताना दिसला, तर टाळी अवश्य वाजवावी; पण मनात एवढे विचारावे, की खाली त्याला झेलण्याची व्यवस्था कोणी केली होती आणि ती किती वेळा तपासून पाहिली होती. हाच प्रश्न आपल्या गावात इमारतीच्या पराातीवर चढलेल्या आणि गटारात उतरलेल्या माणसाबद्दलही विचारता येतो.