ओढणं, गिळणं आणि मधला श्वास

घाटाखालच्या गावातली बाई सातव्या महिन्यात बाळंत होते, बाळाला बुलढाण्यात किंवा खामगावात काचेत ठेवतात, आणि चार दिवसांत घरच्यांचा प्रश्न सुरू होतो : बाळ अंगावर कधी पिणार? बहुतेकदा उत्तर मिळतं, अंगात जोर आला की पिईल. धीर द्यायला हे उत्तर बरं आहे, पण त्यामुळे सगळ्यांचं लक्ष वजनकाट्याकडे लागतं आणि आईकडे फक्त वाट पाहणं उरतं. दूध पिणं हे जोरापेक्षा तालाचं काम आहे. तो ताल आठवड्यांनी पिकतो आणि सरावाने बसतो. सराव आईच्या अंगावरच व्हायचा असल्यामुळे आईला बाळापासून दूर ठेवणं ही उपचारातली उणीव ठरते, असं माझं म्हणणं आहे.

पोटात असतानाच बाळ गर्भजल गिळतं, बोट चोखतं. तिथे श्वास घ्यायचा नसतो, म्हणून काही अडत नाही. बाहेर आल्यावर घशातल्या एकाच चौकातून दूधही जातं आणि हवाही. प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबतो. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण सेकंदाला एकदा ओढतं, गिळतं आणि मधल्या फटीत श्वास घेतं. ही सांगड मेंदूच्या देठात बांधली जाते आणि साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागते. त्याआधीचं बाळ ओढायला लागलं तर ओढतच सुटतं, लागोपाठ घोट घेतं आणि श्वास घ्यायचा राहतो. मग भुवया आक्रसतात, हाताची बोटं फाकतात, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळतं, ओठ निळसर पडतात. म्हणून ३४ आठवड्यांचं दीड किलोचं बाळ पिऊ शकतं आणि ३१ आठवड्यांचं, त्याहून वजनदार बाळ नळीवर असतं. त्यात बाळाचा आळस नाही आणि आईच्या दुधाचा दोषही नाही.

मग ३४ आठवडे पुरे होईपर्यंत नळीने दूध देऊन थांबावं का? नाही. दूध नळीने जात असतानाही बाळाला चोखायला दिलं, तर नळीवरून तोंडाने पिण्यापर्यंतचा काळ कमी होतो आणि रुग्णालयातला मुक्कामही घटतो, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. यासाठी दूध काढून घेतल्यानंतर आईने बाळाला रिकाम्या स्तनाशी धरलं तरी चालतं. ओघ नसतो, ठसक्याची भीती कमी, आणि चव, वास, ऊब तिन्ही मिळतात. स्वीडनमध्ये फार लवकर जन्मलेल्या बाळांना २९व्या आठवड्यापासून अंगावर घेऊ दिलं, तेव्हा त्यांतली बहुतेक ३२ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान पूर्णपणे अंगावर पिऊ लागली. त्यांतल्या निम्म्या बाळांना ३५ आठवड्यांपर्यंतच जमलं. स्वीडनचं इथे काय, असं कोणी म्हणेल. तिथल्या आया बाळाजवळ राहू शकतात, हा फरक खराच आहे. पण बाळ आईच्या छातीशी बांधण्याची कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात रुजली, ती काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून.

दुसरा आक्षेप बाटलीचा. बाटलीने लवकर भागतं, मग वेळ का घालवायचा? आपल्याकडे याला जुनं उत्तर आहे, बाळाला पाजायचं चोचीचं भांडं, बोंडलं. बाळाला किंचित उभट धरायचं, बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्याशी टेकवायची, थेंबभर दूध सोडायचं आणि घोट गेलेला दिसेपर्यंत हात थांबवायचा. दक्षिणेतल्या पालदाई या भांड्याचंही तंत्र हेच. १९९९ मधल्या भारतीय अभ्यासात पालदाईने बाळं कमी वेळात जास्त दूध प्यायली आणि वाटीपेक्षा सांडलंही कमी. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये उलटं दिसलं : वेळ जास्त, सांडणं जास्त, बाळांना ताणही जास्त. मला यात भांड्यापेक्षा हाताचा फरक दिसतो. सवयीचा हात बाळाचा घोट पाहून थांबतो. बाटलीऐवजी वाटीने पाजलेली बाळं घरी जाताना आईच्या दुधावर असण्याचं प्रमाण जास्त राहतं, पण ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत त्यांचा मुक्काम सुमारे १० दिवसांनी लांबला. हे लपवून चालणार नाही. घाटाखालच्या संग्रामपूरच्या शेतमजूर घराला १० दिवस म्हणजे १० दिवसांची मजुरी.

पण हा खर्च बाळाच्या घशावर ढकलता येत नाही. घाईने पाजलेलं दूध श्वासनळीत गेलं तर मुक्काम आणखी वाढतो. सरकारच्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीच्या मोफत जेवणाची मुदत साध्या प्रसूतीला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस ठरली. ती बाळंतपणाच्या हिशेबाने आहे. ३० आठवड्यांच्या बाळाला तोंडाने प्यायला शिकायला कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस आईला खाट आणि दोन वेळचं ताट लागतं. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीत बाळ जन्मताच आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. त्यासाठी आयांच्या खाटा नवजात कक्षातच आणाव्या लागल्या होत्या. खाटेचा खर्च औषधाच्याच खात्यात धरायला हवा.

सुटी झाली तरी शिकणं संपत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. आज आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यामागे हे काम आहे. लवकर जन्मलेल्या बाळाच्या घरी त्यांनी वजनकाटा काढण्याआधी एक पूर्ण पाजणं बघावं : बाळ ओढता ओढता आपणहून थांबतं का, थांबून श्वास घेतं का, आणि मग पुन्हा ओढायला लागतं का.