‘अप-अँड-कमिंग’ म्हणजे नक्की कुठवर आलेला?

मागच्या वेळी आपण ‘यशस्वी’ हा शब्द पाहिला. आज त्याच्या अलीकडच्या पायरीवरचं एक इंग्रजी विशेषण घेऊ: ‘अप-अँड-कमिंग’.

आपल्या उपनगरांत हा शब्द सहसा पूर्ण बोललाच जात नाही. मधला ‘अँड’ गळतो आणि ‘अपकमिंग’ उरतो. अंधेरीत नशीब काढायला आलेला गायक ‘अपकमिंग सिंगर’ असतो. मेट्रोचे खांब उभे राहिले की बोरिवलीकडची एखादी गल्ली ‘अपकमिंग एरिया’ होते. इंग्रजीत मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘अपकमिंग’ म्हणजे लवकरच होणारं, येऊ घातलेलं. निवडणूक, परीक्षा, सिनेमा. त्याची तारीख बहुधा ठरलेली असते. ‘अप-अँड-कमिंग’ माणूस चढताना दिसतो, पण तो पोहोचेल का, हे कुणाला सांगता येत नाही. हा फरक नुसता व्याकरणाचा नव्हे बरं का. दलाल अंदाज सांगत असतो, आपण तारीख ऐकतो आणि त्या भरवशावर वीस वर्षांचं कर्ज काढतो.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात शोधणं आणि सापडणं, प्रवास करणं आणि पोहोचणं, अशा जोड्यांमधला भेद दाखवला. पहिल्यात कृती असते, दुसऱ्यात निष्पत्ती. आपलं विशेषण बोलतं प्रवासाबद्दल, पण थोडं श्रेय पोहोचण्याचं आगाऊच देऊन टाकतं. उसनं श्रेय म्हणा ना!

बोरिवलीत आजी-आजोबांकडे वाढलेला रोहित शर्मा २००७ साली भारताकडून खेळू लागला. कसोटीची टोपी मिळाली नोव्हेंबर २०१३ मध्ये, आणि ईडन गार्डन्सवर पहिल्याच डावात त्याने १७७ धावा केल्या. मधली सहा वर्षं ‘गुणवान आहे हो, पण...’ असं चाललं होतं. तेच कौतुक पहिल्या वर्षी शाबासकी असतं, पाचव्या वर्षी टोमणा होतं. शब्द तोच राहतो. उसनं फेडायची मुदत टळलेली असते.

मराठीत याला सहसा ‘उदयोन्मुख’ म्हणतात, आणि ते नेमकं आहे: उदयाकडे तोंड केलेला. ‘नवोदित’ म्हणजे नुकताच उगवलेला. तो एक पायरी पुढचा. कवी-संमेलनाच्या पत्रिकेत हे दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी छापतात, आणि पन्नाशीचे गृहस्थही दरवर्षी ‘नवोदित’च राहतात, ते सोडा. आम्हाला मात्र ‘होतकरू’ अधिक आवडतो. त्यात ‘होणं’ही ऐकू येतं आणि ‘करणं’ही. शिवाय ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी’ अशी शिष्यवृत्तीची सूचना लागते, तेव्हा त्या शब्दामागे कुणीतरी फीचे पैसे घेऊन उभा असतो. ‘अपकमिंग’ म्हणणारा सहसा काही विकायला आलेला असतो.

पुढच्या वेळी ‘सेल्फ-मेड’ घेऊ.