विश्लेषण : चांदीच्या मुलाम्यावर रक्तातील साखर मोजता येईल?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, तो सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधील शोधामुळे. याच शोधाच्या आधारे शरीरातील रेणू ओळखण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्यांचे यश बरेचसे अवलंबून आहे ते धातूचा मुलामा दिलेल्या एका छोट्या चकतीवर.

रामन परिणामाची अडचण काय?

रेणूवर लेझर टाकला की विखुरलेल्या प्रकाशाच्या काही कणांचा रंग किंचित बदलतो. हा बदल प्रत्येक प्रकारच्या रेणूसाठी वेगळा, जणू बोटाचा ठसा. पण तो साधारण एक कोटी प्रकाशकणांमागे एखाद्यातच दिसतो. त्यामुळे अत्यल्प प्रमाणातील रेणूचा संकेत सहज हाती लागत नाही.

धातू काय करतो?

१९७४ मध्ये ब्रिटनमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीवर हा संकेत अनपेक्षितपणे ठळक दिसला. लेझरमुळे धातूतील इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावे घेतात. धातूच्या कणांमधील काही नॅनोमीटरच्या फटींत प्रकाश एकवटतो आणि संकेत लाखो पटींनी वाढतो. १९९७ मध्ये तर एकेकटा रेणूही टिपता आला.

मग दवाखान्यात का नाही?

फट जराशी रुंदावली तरी संकेत झपाट्याने घटतो. एकाच चकतीवर दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे आले, तर डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस कशावरून ठरवायचा? शिवाय चांदी हवेत काळवंडते. सोने टिकते, पण हिरव्या लेझरखाली चांदीइतका जोरदार संकेत देत नाही. ग्लुकोजची आणखी एक अडचण म्हणजे ते चांदीला नीट चिकटतच नाही.

सुधारणा कोणत्या झाल्या?

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड व्हॅन डाइन यांच्या गटाने एकसारख्या सूक्ष्म गोळ्यांचा थर रचून त्यावर चांदी चढवली. त्यामुळे उंचवटे बरेचसे सारखे झाले. वर ग्लुकोजला चांदीजवळ धरून ठेवणाऱ्या रेणूंचा पातळ थर दिला. २००६ मध्ये असा पृष्ठभाग जिवंत उंदरांच्या त्वचेखाली बसवून ग्लुकोज मोजण्यात आले.

पुढची कसोटी कोणती?

संकेत किती पटींनी वाढला, एवढ्यावर आता भागणार नाही. वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या दोन चकत्यांवर एकाच रक्ताचा आकडा सारखा यायला हवा. तो आला, तरच रुग्णाला त्या अहवालावर विसंबता येईल.